वरच्या चार ओळी

पत्र

ताई,

मी २७ वर्षांची, इचलकरंजीची. एमसीए झाल्यावर मैत्रिणी पुण्याला गेल्या, मी वडिलांच्या आजारपणामुळे इथेच राहिले. गावातल्याच एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं आहे. आम्ही नऊ जण. यंत्रमाग कारखानदार, सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), सूत व्यापारी यांना आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. चाळीसेक गिऱ्हाइकं आहेत. सर माणूस म्हणून चांगले. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मी न मागता त्यांनी तीन महिन्यांचा पगार उचल दिला होता.

गेल्या महिन्यात एक जुना बग शोधत होते. एका कॉमेंटमध्ये, म्हणजे कोडमधल्या टिपेत, ‘रिसीव्ह्ड’चं स्पेलिंग चुकलेलं दिसलं, आय आणि ई उलटे. सहज ती ओळ नेटवर टाकली, तर तीच कॉमेंट त्याच चुकीसकट एका परदेशी ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पात सापडली. मग बाकीच्या फायली लावून बघितल्या. खातेवही, स्टॉक, युजरचे अधिकार, सगळा पाया तिथला. मूळ फायलींत वर चार ओळी आहेत: साल, लेखकांची नावं, जीपीएल ३ लायसन्स (ज्याला प्रत द्याल त्याला कोडही द्या, असं सांगणारं). आमच्याकडे त्या चार ओळींच्या जागी आमच्या कंपनीचं नाव आणि ‘सर्व हक्क राखीव’.

सरांना विचारलं. ते म्हणाले, “आगं, त्यांनी वाटंवर सोडलंय, आपण उचललं. बिघडलं कुठं?” पुण्यातला भाऊ म्हणतो, मोठमोठ्या कंपन्या हेच करतात, आणि फारच भीती वाटत असेल तर क्लाउडवर टाका, मग जीपीएल लागतच नाही.

आता एका सूतगिरणीची मोठी ऑर्डर आली आहे. करारात लिहिलंय की सॉफ्टवेअर पूर्णपणे कंपनीने स्वतः बनवलेलं आहे, त्यात दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. त्यावर ‘तांत्रिक प्रमुख’ म्हणून मी सही करायची आहे. सोमवारी. ही चोरी आहे का? आणि खरं सांगून कोड गिऱ्हाइकांना दिला तर नऊ घरांच्या चुली विझतील त्याचं काय?

(मला अगंतुगं केलंत तरी चालेल.)

उत्तर

सही करू नकोस. सोमवार जवळ आहे म्हणून हे आधी सांगून टाकते. हे उत्तर छापायच्या आधी तुला पाठवते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. गावाचं नाव तेवढं तू ठेवायला सांगितलंस म्हणून ठेवलं, आणि मलाही ते हवंच होतं, कारण पुढे मागाचा दाखला द्यायचाय.

चोरी आहे का, याचं उत्तर मात्र सर समजतात तिथे नाही आणि तू समजतेस तिथेही नाही. तुझ्या पत्राचा सूर असा आहे की दुसऱ्याने वाटलेलं आपण विकतोय हेच पाप. ते पाप नाही. विका, खुशाल विका. ज्या माणसाने मुक्त सॉफ्टवेअरची ही सगळी चळवळ सुरू केली त्या रिचर्ड स्टॉलमनने १९८५ साली आपला इमॅक्स नावाचा एडिटर टेपवर घालून १५० डॉलरला विकला. पोट चालवायला विकला आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. तुमच्या जीपीएल ३ मध्ये तर साफ लिहिलंय की प्रत्येक प्रतीला वाटेल ती किंमत लावा, किंवा लावू नका. इंग्रजीत ‘फ्री’ म्हणजे मोकळं की मोफत हा घोळ त्यांना आयुष्यभर समजावत बसावं लागलं. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं. तरी आपण बोलताना ‘फुकटचं सॉफ्टवेअर’च म्हणतो. तुझ्या सरांचं ‘वाटेवर सोडलंय’ त्यातूनच आलं. वाटेवर सोडलेल्या वस्तूवर मालकाचं नाव आणि चार अटी लिहिलेल्या नसतात.

तुझ्या गावात खर्चीवाले आहेतच. सूत व्यापाऱ्याचं, माग खर्चीवाल्याचा, मजुरी पिकांवर, म्हणजे कापडात आडवे धागे किती त्यावर. दुसऱ्याच्या सुतावर पोट भरतो म्हणून त्याला कुणी चोर म्हणत नाही. त्याचं विणकाम हीच त्याची कमाई. पण उद्या त्याने पोत्यावरचा गिरणीचा शिक्का काढून आपला मारला आणि ‘सूतसुद्धा आमच्याच घरी कातलंय’ असं सांगत कापड विकलं, तर बाजारात त्याला काय म्हणतील ते तू माझ्यापेक्षा चांगलं सांगशील. दाखला थोडा लंगडतो, हे कबूल. खर्चीवाला कापड व्यापाऱ्याला परत देतो. तुमच्याकडून मूळ लेखकांना ना कापड हवंय ना पैसा. त्यांचं म्हणणं एवढंच: ज्याला कापड विकाल त्याला सूत कुठलं ते सांगा, आणि त्याला ते उसवून बघायची, पुन्हा विणायची मुभा ठेवा.

म्हणून तुझ्या पत्रातली खरी गोष्ट त्या चार ओळी आहेत. बाकी सगळं त्यांच्या मागून येतं. ओपन सोर्समधलं एक अगदी सैल लायसन्स घे, एमआयटीचं. त्यात कोड कुणाला द्यायची सक्ती नाही, बंद करून विकलंत तरी हरकत नाही. तिथेसुद्धा एक अट आहेच: कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर काढायचा नाही. म्हणजे सरांनी जे केलं ते जवळजवळ कुठल्याच लायसन्सखाली बसलं नसतं.

यावर अमेरिकेत एक खटला झाला, तोही खेळण्यातल्या रेल्वेवरून. रॉबर्ट जेकबसन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी छोट्या रेल्वेगाड्या कॉम्प्युटरवरून चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं होतं. कॅट्झर नावाच्या व्यावसायिकाच्या कंपनीने त्यातल्या फायली आपल्या विक्रीच्या मालात घातल्या आणि लेखकांची नावं, कॉपीराइटच्या ओळी, लायसन्सचा उल्लेख काढून टाकला. अगदी तुमच्यासारखंच. बचाव होता तोही ‘फुकटात दिलंय, मग नुकसान कसलं?’ या वळणाचा. २००८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की पैसे घेतले नाहीत म्हणून अटी पोकळ होत नाहीत. अट मोडली तर तो कॉपीराइटचा भंग. २०१० मध्ये तडजोड झाली आणि कॅट्झरने एक लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. पण आपल्या कॉपीराइट कायद्यातही कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत धरला जातो, आणि धंद्यासाठी जाणूनबुजून भंग केला तर ६३ व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलेला आहे. उद्या दारात पोलीस येतील असं मी म्हणत नाही. पण त्या कलमातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द लक्षात ठेव. गेल्या महिन्यापर्यंत तुला ठाऊक नव्हतं. सोमवारी सही केलीस की ‘ठाऊक असून केलं’ याचा लेखी पुरावा तूच दिलास. कंपनीची चूक आणि तुझी सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उचलीची परतफेड पगारातून होते, सहीने होत नाही.

आता माझी एक जुनी चूक सांगते. उपदेश करायचा अधिकार मला कितपत आहे तेही त्यातून तुला कळेल.

१९९८ साली मी पुण्यात एका लहान कंपनीत फॉक्सप्रो या त्या काळच्या प्रोग्रामिंगच्या साधनावर काम करत होते. एका कारखान्याच्या पगारपत्रकाचा प्रोग्राम माझ्याकडे आला. ज्याने तो लिहिला तो मुलगा नोकरी सोडून मुंबईला गेला होता. मुख्य फाइलच्या माथ्यावर त्याचं नाव, तारीख आणि खाली तीन ओळींची टीप होती. साहेब म्हणाले, आता तू बघतेस ना, तुझं नाव टाक. मी माऊसने तो अख्खा ठोकळा निवडला, डिलीट केला, आणि ऐटीत माझं नाव टंकलं. टीप वाचलीसुद्धा नाही. पुढच्या वर्षी वायटूकेचा, म्हणजे २००० साल उजाडताच कॉम्प्युटरच्या तारखा चुकतील याचा, धसका सगळ्यांनीच घेतला होता, मीही तारखांचं सगळं तपासायला बसले. लीप वर्षासाठी त्या मुलाने फक्त चारने भाग जातो का एवढंच बघितलं होतं. मला वाटलं, हा कच्चा दिसतो. शंभरने भाग गेला तर लीप नाही, असं शाळेत शिकवलं होतं. मी ती अट घातली. चारशेने भाग गेला तर पुन्हा लीप, हे विसरले.

२९ फेब्रुवारी २०००, मंगळवार. प्रोग्राम त्या दिवसाची हजेरीच घेईना. ‘अशी तारीख नाही’ म्हणे. कारखान्यात त्या दिवशी दोन्ही पाळ्या भरलेल्या, माणसं राबतायत, आणि माझ्या लेखी तो दिवस उगवलेलाच नाही. पगार चार दिवसांवर. रात्री एसटीडी बूथवरून त्या मुलाला फोन लावला. त्याने शांतपणे विचारलं, “वरची टीप वाचली नाहीस का? लिहिलं होतं की, तपासणी मुद्दाम साधी ठेवली आहे, २१०० पर्यंत पुरते, हात लावू नका.”

माझ्या नावाखाली ती टीप नव्हती. त्याच्या नावाखाली होती. त्याने नावाचा विषय काढलाच नाही, आणि ते मला जास्त लागलं.

तुझ्या सरांना हे सांगून बघ. माथ्यावरच्या ओळी म्हणजे नुसता मानपान नाही. हा कोड कुठून आला, कुणाला विचारायचं, नवीन दुरुस्त्या कुठे येतात, याचा तो पत्ता असतो. तुम्ही पत्ता खोडलात म्हणजे मूळ प्रकल्पात गेल्या काही वर्षांत ज्या भोकांना ठिगळं लागली ती तुमच्याकडे आलेलीच नसणार. एकदा तपास: तुमचा कोड तिथल्या कुठल्या आवृत्तीशी जुळतो? माझी पैज आहे की ज्या दिवशी नावं खोडली त्या दिवसाशी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे नावाच्या एका छोट्या मुक्त घटकात भलं मोठं भगदाड निघालं, तेव्हा जगभरच्या कंपन्यांचे दिवसच्या दिवस एकाच प्रश्नात गेले: आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हे आहे तरी कुठे? ज्यांच्याकडे यादी होती ते लवकर सुटले. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमध्ये कुठले घटक आहेत त्याची यादी ठेवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. उद्या सूतगिरणीचा ऑडिटर ती यादी मागेल. ‘सगळं आमचंच’ असं करारात लिहून दिल्यावर यादीत काय भरणार?

भावाच्या दोन्ही मुद्द्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून ते उडवून लावता येत नाहीत.

मोठ्या कंपन्या हेच करतात? हेच नाही करत. ॲमेझॉनने इलास्टिकसर्च हे माहिती शोधायचं मुक्त सॉफ्टवेअर घेऊन त्याची सेवा विकली, ती नाव न खोडता, लायसन्सने दिलेल्या मुभेतच. मूळ कंपनी तरी चिडली, कारण कष्ट हिचे आणि गल्ला तिकडे. २०२१ मध्ये तिने लायसन्स बदललं, ॲमेझॉनने ओपनसर्च नावाने वेगळी चूल मांडली, आणि २०२४ मध्ये मूळ कंपनी पुन्हा एका मुक्त लायसन्सकडे आली. ते भांडण ‘कायद्यात बसतं, पण शोभतं का?’ या जातीचं आहे. त्यावर रात्रभर वाद घालता येईल आणि दोन्हीकडून शहाणी माणसं बोलतील. (मला विचारशील तर माझा कल मूळ कंपनीकडे होता, पण लायसन्स बदलून तिने आपल्याच फुकट राबणाऱ्या मदतनीसांना दुखावलं, तेही खरं.) तुमचं प्रकरण त्या जातीचं नाही. तुमच्याकडे वाद घालण्यासारखं काही शिल्लकच नाही, कारण नाव खोडलंय.

क्लाउडचं म्हणशील तर भावाचा कायदा बरोबर आहे. जीपीएलच्या जबाबदाऱ्या प्रत दुसऱ्याच्या हातात देताना लागू होतात. आपल्याच सर्व्हरवर ठेवून गिऱ्हाइकाला नुसतं वापरायला दिलं तर कोड द्यावा लागत नाही. हीच फट बुजवायला एजीपीएल नावाचं वेगळं लायसन्स आलं. तुमचा पाया त्यातला नाही, जीपीएल ३ चा आहे, म्हणजे फट उघडी आहे. पण चाळीस कारखान्यांत जे आधीच बसवून आलात ते क्लाउडवर गेल्याने पुसलं जात नाही. आणि सूतगिरणीच्या कागदावर ‘स्वतः बनवलेलं’ हे वाक्य सर्व्हर कुठेही असला तरी खोटंच राहतं. भावाला सांग, वाट दाखवलीस, पण ती या घरातून बाहेर पडत नाही.

चुलींचं बोलू. इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण सरांची खरी भीती इथे आहे असं मला वाटतं. बाकी सगळं तोंडाने बोलायचं असतं.

लिंक्सिसचा एक राउटर होता, डब्ल्यूआरटी५४जी. निळा-काळा, दोन अँटेनांचा. कदाचित तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बघितला असशील. २००३ मध्ये सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या बड्या कंपनीने पन्नास कोटी डॉलर मोजून ती कंपनी घेतली, आणि त्याच सुमाराला लोकांच्या लक्षात आलं की राउटरच्या पोटात लिनक्स आहे, जीपीएलखालचं, आणि कोड कुणाला दिलेला नाही. गंमत अशी की लिंक्सिसने हे स्वतः केलंच नव्हतं. चिप ब्रॉडकॉमची होती आणि सॉफ्टवेअर तैवानच्या कंत्राटदाराकडून आलं होतं. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका झाली नाही. ज्याने विकलं त्याची जबाबदारी. शेवटी कोड बाहेर आला. मग राउटर बुडाला का? लोकांनी त्या कोडवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर उभं केलं, हौशी मंडळी तोच राउटर मुद्दाम शोधून घ्यायला लागली. पुढे कंपनीने खर्च वाचवायला मूळ मॉडेलमधून लिनक्स काढलं, तेव्हा या गिऱ्हाइकांसाठी २००५ मध्ये लिनक्सवालं वेगळं मॉडेल काढावं लागलं, आणि ते वर्षानुवर्षं खपत राहिलं.

तुम्ही सिस्को नाही, मान्य. मग जवळचं घे. मुंबईची फ्रॅपे कंपनी ईआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर जीपीएल ३ खालीच देते. कोड सगळ्या जगासमोर पडलाय, आज रात्री तूही उतरवून घेऊ शकतेस. कंपनी होस्टिंग आणि सपोर्टवर चालते.

आणि द्यायचं म्हणजे नेमकं काय द्यायचं, ते सरांना नीट समजावून सांग. कोड चव्हाट्यावर मांडायची सक्ती नाही. ज्यांना प्रोग्राम दिला त्या चाळीस गिऱ्हाइकांना तो द्यायचा, तुम्ही केलेल्या बदलांसकट, लायसन्सच्या प्रतीसकट, ‘आम्ही यात अमुक तारखेला बदल केले’ या नोंदीसकट. त्यांनी तो पुढे कुणाला दिला तर अडवता येणार नाही, हे मी लपवत नाही. शेजारच्या गल्लीतला कुणी तो घेऊन विकायला बसला तर तेही कायदेशीर. आता विचार कर: गावातला एखादा कारखानदार कोडचं करणार काय? त्याला बीमचा, म्हणजे मागावर चढवलेल्या ताण्याच्या सुताच्या रुळाचा, हिशेब हवा. या बीमावर किती मीटर निघालं, किती पिकांचं कापड, कामगाराची मजुरी किती, सायझिंगवाल्याकडे सूत किती अडकलंय. हे तुमच्या सरांना वीस वर्षं माग बघून कळलंय. त्या परदेशी प्रकल्पाला बीम म्हणजे काय हेही माहीत नाही. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची रिटर्न भरताना आकडा जुळत नसला तर गिऱ्हाईक कुणाला फोन करतं? शेजारच्या गल्लीतल्या कोडवाल्याला नाही. चाळीस गिऱ्हाइकं त्या फोनचे पैसे देतात. काही गिऱ्हाइकं तरीही जातील, एखाददुसरं. नऊ जणांचा पगार एका वर्षी ताणला जाईल. तेवढी किंमत आहे असं माझं मत.

बीम आणि पिकांच्या मजुरीचा भाग तरी बंद ठेवता येईल का, असं सर विचारतील. त्याच प्रोग्राममध्ये विणलेला असेल आणि एकत्रच देत असाल तर नाही, तोही जीपीएलखाली येतो. अगदी स्वतंत्र प्रोग्राम असेल, दुरून निरोपानिरोपी करणारा, तर गोष्ट वेगळी. ही सीमारेषा नेमकी कुठे ते कॉपीराइट बघणाऱ्या वकिलाला कोड दाखवून ठरवा. कोल्हापुरात नाही मिळाला तर पुण्यात मिळेल, आणि त्याची फी सूतगिरणीच्या ऑर्डरपुढे किरकोळ आहे.

सरांना सांगण्यासारखी एक चांगली बातमीही आहे. जीपीएलच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत अट मोडली की हक्क आपोआप संपायचा. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत परतीची वाट ठेवली आहे. भंग थांबवला, सगळं नीट केलं, आणि त्यानंतर ६० दिवसांत मूळ लेखकाकडून तक्रार आली नाही, तर हक्क कायमचा परत मिळतो. तक्रार आली आणि ती पहिलीच असेल, तर ३० दिवसांत दुरुस्त करायची. म्हणजे आज नावं परत लावली, कोड दिला, तर सर दोन महिन्यांत मोकळे होऊ शकतात. अशी सवलत आयकर खातंसुद्धा देत नाही. या क्षेत्रातली माणसं बहुतेक पैशापेक्षा नियम पाळले जावेत यासाठीच मागे लागतात. पहिलं पत्र साधारण सभ्यच येतं.

सूतगिरणीच्या करारात काय लिहायचं? जे खरं आहे ते. पाया अमुक मुक्त प्रकल्पाचा, लायसन्स जीपीएल ३. त्यावरचे बीम, पीक-मजुरी, सायझिंग हे भाग आमच्या कंपनीचे. कोडची प्रत गिरणीला दिली जाईल. यावर गिरणी बिथरेलच असं नाही. केंद्र सरकारने २०१५ साली स्वतःच्या कामांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण जाहीर केलं. गिरणीला ते लागू नाही, पण संचालक मंडळासमोर सांगायला सरांना उपयोगी पडेल. उद्या आमची कंपनी बंद पडली तरी तुमचा हिशेब अडकणार नाही, कोड तुमच्या हातात आहे, हे वाक्य मी विक्रीला गेले असते तर पहिलं म्हटलं असतं.

सर नाहीच म्हणाले तर? मग तू सही करणार नाहीस हे शांतपणे सांग आणि दुसरी नोकरी बघायला लाग. बीमचं काम केलेली मुलगी इचलकरंजीत फार दिवस घरी बसणार नाही. जाताना कोडची प्रत घरी नेऊ नकोस. नोकरीत लिहिलेला कोड सामान्यतः कंपनीचाच असतो, आणि एका भंगावर दुसरा चढवू नकोस. सरांच्या स्पर्धकाला एक अक्षर सांगू नकोस. स्टेटसला ठेवू नकोस. मूळ लेखकांना कळवायचं का, हे मी तुझ्यावर सोडते. मी कळवलं असतं, पण नोकरी सोडल्यावर, आणि सरांना तसं आधी सांगून. पाठीमागून नाही.

पण मला वाटत नाही ते नाही म्हणतील. तुझ्या पत्रातलं त्यांचं एकच वाक्य माझ्याकडे आहे आणि त्यात लबाडीपेक्षा बेफिकिरी जास्त ऐकू येते. न मागता उचल देणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं देणं कळत नाही असं होत नाही. या चार ओळी म्हणजे देणं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जा. ऑफिसात नको, तिथे बाकीचे ऐकतील आणि त्यांना मागे येता येणार नाही. दोन कागद छापून ने: मूळ फाइलचं पहिलं पान आणि तुमच्या फाइलचं पहिलं पान, रिसीव्ह्डच्या त्या चुकलेल्या स्पेलिंगला दोन्हीकडे गोल करून. कराराचा बदललेला मसुदाही तयार ठेव, म्हणजे ‘मग आता काय करायचं’ विचारल्यावर हातात देता येईल. काकू चहा ठेवतील. आधी बीमच्या हिशेबाबद्दल बोल, तो भाग खरोखरच त्यांचा आहे. मग कागद काढ.